शनिवारवाड्याचा कप घेऊन स्टोकला

आमच्या घरी विरजणासाठी एक कान तुटलेला कप आहे. मूळचा पांढरा, आता पिवळट पडलेला, आणि बाहेरून निळ्या रंगात छापलेला एक किल्ला. दोन बुरूज, एक कमान, समोर पाणी, पाण्यात होडी. आजोबा मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकून होते. १९४७ साली साहेबलोक घरं आवरून निघाले तेव्हा कॅम्पातल्या एका लिलावात त्यांनी एक लाकडी पेटी घेतली, तिच्यात हा कप आयताच आला. कान तेव्हाही नव्हता म्हणे. साहेबाच्या ओठाला लागलेल्या कपातून चहा प्यायचा नाही, पण त्यात विरजण लावलेलं चालतं, असं आजीचं शास्त्र होतं. चित्रातला किल्ला कुठला ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून आम्हा नातवंडांनी ठरवून टाकलं की हा शनिवारवाडा. तिथे पाणी कुठे, होडी कुठे, असले प्रश्न त्या वयात पडत नाहीत.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मला जो नाद लागला त्याचं मूळ हा कप. जुन्या बाजारातून, मुंबईच्या चोर बाजारातून, ओळखीपाळखीच्यांच्या माळ्यांवरून मी जुने इंग्लिश कप आणि मग जमवते. अट एकच: त्यावर एखादी इमारत हवी. किल्ला, चर्च, वाडा, काहीही. फुलं-पाखरं नकोत. नवऱ्याला हे सगळं अनाकलनीय वाटतं. ‘कपात काय आहे ते बघावं, कपावर काय आहे ते कशाला,’ हे त्याचं तत्त्वज्ञान. मी नवा मग घरी आणला की तो फक्त ‘मग?’ एवढंच विचारतो आणि स्वतःच्याच विनोदावर हसतो.

लेक कोव्हेंट्रीला असते. मे महिन्यात तिच्याकडे गेलो तेव्हा आजीचा कप दोन मोज्यांत गुंडाळून सोबत नेला. हा किल्ला खरंच कुठे आहे ते शोधायचं होतं. आईने आठ दिवस आधीपासून विरजण वाटीत लावायला सुरुवात केली, कुरकुरत.

पहिला दिवस: स्टोक, म्हणजे हॅन्ली

कोव्हेंट्रीहून बर्मिंगहॅमला गाडी बदलून स्टोक-ऑन-ट्रेंट, म्हणजे इंग्लंडातल्या कपबश्यांचं माहेर. किल्ल्याचा पत्ता लागला तर इथेच लागणार. स्टेशनबाहेर पडलं की समोर जोसाया वेजवुडचा पुतळा, हातात फुलदाणी. गावात शिरताना घोड्यावरचा सेनापती नाही, राजा नाही, कुंभार! मला तिथेच गाव आवडलं.

स्टोक हे एक गाव नाही, ही गोष्ट मात्र तिथल्या माणसांनी आम्हाला पाच दिवसांत पन्नासदा सांगितली. टनस्टॉल, बर्स्लेम, हॅन्ली, स्टोक, फेंटन आणि लाँगटन अशी सहा गावं १९१० साली एकत्र केली, त्याचं हे शहर. कागदोपत्री एक झालं, मनात अजून सहाच आहेत. आमच्या मुक्कामाच्या घरमालकीणबाईंना मी सहज म्हटलं, ‘तुम्ही इथल्याच का, स्टोकच्या?’ तर त्या म्हणाल्या, ‘बर्स्लेमची.’ बर्स्लेम तिथून चालत जाण्याइतकं जवळ. सदाशिव पेठेतल्या माणसाला नारायण पेठेतला म्हटल्यावर त्याचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला. आणि सगळ्यांनाच त्या ‘डक’ म्हणत. नवऱ्यालासुद्धा. पहिल्यांदा तो दचकला. बदक कोण? पण आपल्याकडे ‘काय गं बाळा’ म्हणतात तसं ते आहे.

दुपारी हॅन्लीतलं पॉटरीज म्युझियम पाहिलं. सोन्याचा अँग्लो-सॅक्सन खजिना आहे, अख्खं स्पिटफायर विमान आहे (नवरा तिथेच रमला), आणि मग दालनामागून दालन भांडी. गाईच्या आकाराच्या दुधाच्या लोट्या सहाशेच्या वर. घुबडाच्या आकाराचा सतराव्या शतकातला एक चंबू आहे. त्याचं डोकं उचलून वेगळं करायचं आणि त्याच डोक्यातून प्यायचं. १९९० साली तो दूरदर्शनवरच्या जुन्या वस्तूंच्या कार्यक्रमात एका बाईंनी आणला, तोवर त्याची किंमत त्यांनाही ठाऊक नव्हती.

मी एका कर्मचाऱ्याला माझा कप दाखवला. त्याने आधीच सांगून टाकलं की आम्ही किंमत सांगत नाही, कुणाचा आहे तेही सांगत नाही. पण हात थांबेना त्याचा. कप घेतला आणि चित्राकडे न बघता सरळ उलटा केला. ‘बिनछापाचा,’ म्हणाला आणि परत दिला. नंतर कळलं, ही तिथली सवयच आहे. हॉटेलात, लग्नात, परदेशात, कुठेही समोर बशी आली की स्टोकचा माणूस ती उलटी करून बुडावरची छाप बघतो. दुसऱ्या दिवशी न्याहारीला बाईंनी दिलेल्या कपबश्या मीही गुपचूप उलट्या करून पाहिल्या. त्यांनी ते पाहिलं, आणि तिथपासून मला अंड्यांबरोबर टोमॅटो जास्त मिळू लागला.

थोडं कामाचं: म्युझियमं आठवड्यातले काही दिवस बंद असतात आणि वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. सहा गावांत विखुरलेली ठिकाणं बसने जोडावी लागतात, त्यामुळे एका दिवसात एकच मोठं ठिकाण धरावं.

दुसरा दिवस: मिडलपोर्ट

सकाळपासून पाऊस. पुण्यासारखा नाही. इथला पाऊस पडत नाही, हवेत उभा असतो. बसमधून उतरून मिडलपोर्टच्या कारखान्यापर्यंत चालताना छत्री दोनदा उलटी झाली. पण कालव्याकाठी पोहोचलो आणि पावसाचं विसरले. विटांची लांबलचक इमारत, मधोमध बाटलीच्या आकाराची भट्टी, खाली ट्रेंट अँड मर्सी कालव्याचं काळं पाणी. हा कालवा १७७७ साली पुरा झाला. चिनी माती बोटीने यायची आणि तयार भांडी बोटीनेच जायची, कारण त्या काळच्या खड्ड्यांच्या रस्त्यावरून बैलगाडी काय, घोडागाडी काय, निम्मा माल ठिकऱ्या होऊनच पोहोचणार.

मिडलपोर्ट १८८८-८९ सालचं. बर्ली नावाची निळी-पांढरी भांडी इथे अजून बनतात, आणि मुख्य म्हणजे जुन्याच पद्धतीने छापली जातात. मी इथे आले ते एवढ्यासाठी. आमच्या गटाला घेऊन फिरणारे आजोबा पूर्वी इथल्याच एका कारखान्यात होते. आवाज खणखणीत, बोटं मात्र वाकडी झालेली.

छपाईची पद्धत मी पुस्तकात वाचली होती, पण बघणं वेगळं. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरलेलं असतं. पत्रा गरम करून त्यात तेलात खललेला निळा रंग भरायचा आणि पुसून घ्यायचा. मग पातळ, पतंगाच्या कागदाहून पातळ कागद त्यावर दाबून चित्र उचलायचं. एक बाई कात्रीने तो कागद कापते, दुसरी तो कच्च्या भाजलेल्या भांड्यावर चिकटवते आणि ताठ ब्रशने असा काही घासते की आपल्याला वाटावं, आता भांडं फुटतंय. मग भांडं पाण्यात. कागद निघून जातो, रंग राहतो. त्यावर भाजणी, मग झिलई, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, आणि पुन्हा भाजणी. झिलईच्या भट्टीची आच सोसून टिकणारा रंग सुरुवातीला कोबाल्टचा निळाच होता, म्हणून हे सगळं जग निळं. स्टोकमध्ये जोसाया स्पोड या कारखानदाराने १७८४ च्या सुमारास ही झिलईखालची निळी छपाई पक्की केली. हिरवे, तपकिरी, गुलाबी रंग पुढे आले.

कागद चिकटवणाऱ्या बाईंसमोर मी किती वेळ उभी होते कोण जाणे. मगच्या गोल अंगावर सपाट कागद बसवायचा म्हणजे ब्लाऊजच्या बाहीला काठ जुळवण्यासारखं आहे. कुठेतरी जोड येणारच. तो जोड त्या कानाच्या मागे लपवतात. हे ऐकल्यावर मी आजीचा कप काढला. कान नाही, त्यामुळे जोड उघडा पडलेला, आणि तिथे होडीचा पुढचा अर्धा भाग एकीकडे आणि मागचा एक बोट खाली. इतकी वर्षं आम्ही समजत होतो की त्या दोन होड्या आहेत!

बाई हसल्या. कप उलटा केला (अर्थातच) आणि बुडावरच्या एका निळ्या स्वल्पविरामासारख्या ठिपक्यावर नख ठेवलं. मला तो नेहमी डाग वाटायचा. त्या म्हणाल्या, ही कारखान्याची छाप नाही, हिशेबाची खूण आहे. मजुरी नगावर मिळे. कुणाच्या हाताखालून किती नग गेले ते मोजायला प्रत्येक टोळी आपापली बारीकशी खूण उमटवायची. म्हणजे कारखानदाराने नाव टाकलं नव्हतं, पण कुणाची तरी मजुरी त्या ठिपक्यावर ठरली होती. आमच्या सोबतचे आजोबा एवढंच म्हणाले, ‘मिळाली असली म्हणजे बरं.’ त्यांनी पुढे सांगितलं की खराब निघालेल्या नगाचे पैसे कापायचे, चूक कुणाची का असेना.

जेवायला ओटकेक. याबद्दल लिहायलाच हवं. नाव केक असलं तरी हा केक नव्हे, ओटच्या पिठाची यीस्टने आंबवलेली मऊ, जाळीदार आंबोळी आहे! तव्यावर घालतात, आत चीज आणि बहुतेक वेळा बेकन घालून गुंडाळतात. आम्ही चीज-मशरूम घेतला. नवऱ्याने डोळे मिटून पहिला घास खाल्ला आणि म्हणाला, ‘नारळाची चटणी असती तर.’ तिथे एक दंतकथा सांगतात की हिंदुस्थानात राहून आलेल्या इथल्या पलटणीच्या सैनिकांना चपातीची आठवण यायची, त्यातून हा पदार्थ निघाला. माझा विश्वास नाही. चपातीची आठवण येणाऱ्या माणसाच्या हातून आंबोळी कशी होईल? पण सांगणाऱ्याने ज्या प्रेमाने सांगितलं त्यावरून मी मान डोलावली.

तिसरा दिवस: लाँगटन

ग्लॅडस्टन पॉटरी म्युझियम. हा एक जुना कारखानाच आहे, पाडायला निघालेला सत्तरच्या दशकात वाचवला. बाटलीच्या आकाराच्या भट्ट्यांच्या आत जाऊन उभं राहता येतं. एके काळी या सहा गावांत अशा दोन हजारांच्या आसपास भट्ट्या धूर ओकत होत्या. १९५६ च्या स्वच्छ हवेच्या कायद्यानंतर गॅस आणि वीज आली, आणि आता पन्नासही शिल्लक नाहीत. जुन्या फोटोंमध्ये भर दुपारी दिवे लावलेले दिसतात.

नाजूक भांडी थेट आगीत ठेवत नसत. जाड मातीच्या डब्यांत भरून ते डबे भट्टीत एकावर एक रचत. ते वाहून नेणारे गडी डोक्यावर डबा घेऊन शिडी चढायचे आणि तोल सांभाळायला टोपीत गुंडाळलेला पायमोजा ठेवायचे. चुंबळ! इंग्रजी पाटीवर त्यासाठी चार ओळी खर्ची घातल्या होत्या, मी नवऱ्याला एका शब्दात सांगितलं. या डब्यांचे तळ ठोकून सपाट करणाऱ्या पोराच्या हुद्द्याचं नाव इतकं लांब आणि वाह्यात आहे की तिथले लोक ते पाहुण्यांना हमखास म्हणून दाखवतात.

बाकी ठिकाण हसण्यासारखं नाही. झिलईत शिसं असायचं, ते झिलईत भांडी बुडवणाऱ्यांच्या अंगात भिनायचं. गारगोटीच्या धुळीने फुप्फुसं जायची. माझ्या शोकेसमधल्या अकरा मगांकडे मी यानंतर थोड्या वेगळ्या नजरेने बघते, एवढंच म्हणते.

चौथा दिवस: लीक

हॅन्लीहून बसने लीकला. टेकड्यांवरचं छोटं गाव, फरसबंदी चौक, शनिवारी जुन्या वस्तूंचा बाजार. ऊन पडलं होतं आणि अख्खं गाव त्याचं कौतुक करत होतं. लीक पूर्वी रेशमाचं गाव. इथल्या थॉमस वॉर्डल या रंगाऱ्याने आपल्या टसर रेशमाचा ध्यास घेतला होता. त्याच्याच रंगशाळेत येऊन विल्यम मॉरिस हा प्रसिद्ध नक्षीकार निळीच्या पिंपात हात घालून रंगकाम शिकला. म्हणजे इथेही निळंच.

बाजारात माझी गाठ पडली एका सत्तरीच्या बाईंशी. लोकरी टोपी, बोटं कापलेले हातमोजे, टेबलावर फक्त निळी-पांढरी भांडी. भाव विचारणाऱ्यांना त्या उत्तर देत होत्या, पण भांड्याबद्दल विचारणाऱ्याला खुर्ची देत होत्या. मला खुर्ची मिळाली. नवरा ‘मी जरा चीज बघून येतो’ म्हणून सटकला.

त्यांनी आजीचा कप आधी उलटा केला, मग नखाने कडेला टिचकी मारली, मग उन्हात धरला. बराच वेळ गप्प. मी विचारलं, कुठला किल्ला?

‘कुठलाच नाही, डक.’

मग त्यांनी एक-एक करून दाखवलं. हा बुरूज गॉथिक. ही कमान आणि कठडा इटालियन. मागचे डोंगर स्वित्झर्लंडचे. डावीकडचं झाड कुठल्याच देशात उगवत नाही. आणि यामागे एक कायदा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेपोलियनच्या युद्धांमुळे इंग्रजांना युरोपात हिंडता येईना, तेव्हा ते आपलाच देश बघायला निघाले. पडके मठ, किल्ले, जमीनदारांचे वाडे यांची कोरीव चित्रांची पुस्तकं धडाधड निघू लागली. कुंभारांच्या कोरक्यांनी ती पुस्तकं समोर ठेवली आणि चित्रं जशीच्या तशी तांब्यावर उतरवली. विचारायचं कुणाला? पण १८४२ च्या कायद्याने अशी उचलेगिरी बंद झाली. मग कारखान्यांनी नवा मार्ग काढला: कुठलीच नसलेली, म्हणून कुणाच्याच हक्काची नसलेली ठिकाणं. नाव मात्र भारदस्त द्यायचं. माझा कप त्या वंशावळीतला.

मला वाईट वाटलं का? वाटलं. पाच हजार मैल आणलेला किल्ला पाच मिनिटांत जमीनदोस्त झाला. त्यांनी थर्मासमधला चहा माझ्यासमोर केला आणि विचारलं, तुम्ही लहानपणी त्याला काय म्हणायचात? मी शनिवारवाड्याचं सांगितलं: १७३२ सालचा पेशव्यांचा वाडा, १८२८ साली आतला सगळा भाग जळाला, आता तट आणि दरवाजे. त्यांनी तो शब्द तीन-चारदा म्हणून पाहिला. मग म्हणाल्या, छापला असता तुमचा वाडासुद्धा, कुणी चांगलं चित्र काढून दिलं असतं तर. ते तितकंसं खोटं नाही. थॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांची हिंदुस्थानातल्या इमारतींची चित्रं १७९५ ते १८०८ दरम्यान लंडनला प्रसिद्ध झाली, आणि लिव्हरपूलच्या हर्क्युलेनियम कारखान्याने त्यातल्या उत्तरेकडच्या कबरी, मशिदी थेट ताटांवर छापल्या. सवाई माधवरावांचं चित्र रंगवणारा जेम्स वेल्स पुण्यात त्याच काळात होता आणि त्याच्या वेरूळच्या रेखाटनांवरून डॅनियलने चित्रं केली. आमच्या पेठांपर्यंत गोष्ट अगदी येऊन टेकली होती म्हणायची.

बाईंकडून मी एक मग घेतला. निळा, भक्कम, बुडावर ठसठशीत लिहिलेलं: केनिलवर्थ कॅसल. बारा पौंड. पडका किल्ला, समोर विस्तीर्ण पाणी, काठावर दोन गाई आणि टोपीवाला एक गृहस्थ. केनिलवर्थ कोव्हेंट्रीच्या अगदी शेजारी. त्या म्हणाल्या, बघून ये आणि पाणी शोध. आणि डोळा मारला.

खरेदीचं थोडं, त्यांच्याकडून शिकलेलं. बुडावर ‘इंग्लंड’ लिहिलेलं असेल तर भांडं साधारण १८९१ नंतरचं, कारण अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं तेव्हापासून. ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर बहुधा विसाव्या शतकातलं. हिऱ्याच्या आकाराची नोंदणीखूण दिसली तर १८४२ ते १८८३ मधलं. माझ्या नव्या मगवर ‘मेड इन इंग्लंड’ आहे, म्हणजे तो माझ्या आजीपेक्षा फार मोठा नाही. टिचकी मारल्यावर टण्ण वाजायला हवं, टप्प वाजलं तर कुठेतरी तडा आहे. चित्रावरून बोट फिरवा: झिलईखालची छपाई हाताला लागत नाही. आणि ‘अमुक गावची भेट’ असं लिहिलेले, इंग्लिश चर्चची चित्रं असलेले चकचकीत कप बरेचदा इंग्लिश नसतात. पूर्वी ते ढिगाने जर्मनीतून बनून येत. मी चोर बाजारात असे दोन घेऊन बसले आहे. जुन्या, झिलईला जाळं पडलेल्या कपातून रोज चहा पिऊ नये, शिशाचा भरवसा नसतो. आजीचं शास्त्र चुकीच्या कारणाने का होईना, बरोबर होतं. (विरजणाचं मात्र आता मी बंद केलं आहे. आंबट पदार्थ तर मुळीच नको. आई अजून रागावलेली आहे.)

पाचवा दिवस: केनिलवर्थ

लेक आणि जावई गाडीने घेऊन गेले. पार्किंगमधून वळलो आणि मी थबकले. किल्ला लाल! म्हणजे लालसर, विटकरी, उन्हात तर भाजल्यासारखा. इतकी वर्षं किल्ले निळे बघायची सवय, आणि हा समोर वालुकाश्मात उभा. मी मग काढला आणि धरून पाहिला. बुरूज बरोबर. खिडक्यांच्या कमानी बरोबर. तटाचा उतार बरोबर. कोरक्याने चोख काम केलं होतं.

पाणी मात्र नव्हतं. लांबवर हिरवं सपाट रान, त्यात गुरं.

लेकीने कानाला लावलेल्या यंत्रातून ऐकत-ऐकत उलगडा केला. बाराव्या शतकात जेफ्री द क्लिंटनने किल्ला बांधला, पुढे ओढे अडवून भोवती प्रचंड तलाव केला, सुमारे १०० एकरांचा. या पाण्याच्या जोरावर १२६६ साली बंडखोरांनी राजाच्या सैन्याला सहा महिने झुंजवलं आणि शेवटी उपासमार आणि रोगराईने दरवाजे उघडले. १५७५ साली राणी पहिली एलिझाबेथ इथे १९ दिवस राहिली. यजमान रॉबर्ट डडली, लग्नाच्या आशेवर. तिच्या स्वागताला तळ्यातून तरंगत्या बेटावर ‘तळ्याची राणी’ आली, एक भला मोठा डॉल्फिन आला आणि त्याच्या पोटात वाजंत्री बसवलेले होते. ‘म्हणजे आपल्याकडच्या गणपतीचा हलता देखावा,’ नवरा म्हणाला. लग्न काही झालं नाही. मग यादवी युद्धानंतर, १६४९-५० च्या सुमारास, पार्लमेंटच्या हुकमाने किल्ला निकामी केला: बुरुजाची एक बाजू पाडली आणि बांध फोडून तलाव वाहून घालवला.

मी मगकडे पाहिलं आणि मग मला लीकच्या बाईंचा डोळा मारणं कळलं. चित्रात किल्ला पडका आहे आणि तलाव भरलेला आहे. पण तलाव होता तोवर किल्ला पडका नव्हता, आणि किल्ला पडला तेव्हा तलाव गेला होता. असं दृश्य कधी कुणी पाहिलेलंच नाही. वॉल्टर स्कॉटच्या याच किल्ल्यावरच्या १८२१ सालच्या कादंबरीनंतर इथे पर्यटकांची झुंबड उडाली, त्यांना पडझडही हवी होती आणि चमचमतं पाणीही. कोरक्याने दोन्ही दिलं, वर दोन गाई फुकट.

‘म्हणजे हा पण खोटाच,’ नवरा म्हणाला. पण पहिल्यांदाच त्याने मग स्वतःहून हातात घेतला. मग अर्धा तास तो आणि जावई तटावरून फिरत राहिले, टोपीवाला गृहस्थ नेमका कुठे उभा असेल ते शोधत. नवऱ्याचं म्हणणं पडलं की त्या जागी उभा राहिला तर तो गळ्यापर्यंत पाण्यात असता. जावयाचं म्हणणं, बांधावर असता तर नाही. मी आणि लेक राणीसाठी केलेल्या बागेत बसून राहिलो. २००९ साली ती जुन्या वर्णनांवरून पुन्हा उभी केली आहे. थंडी वाजायला लागली तेव्हा चहाच्या खोलीत गेलो. कोमट चहा, पण स्कोन उत्तम. लेकीने कपबशी उलटी केली. ‘आई, तुझा रोग लागला,’ म्हणाली.

मी तिला आजीच्या कपाचं सांगितलं, की तो कुठलाच नाही. ती म्हणाली, ‘मग शनिवारवाडा म्हणायला कुणाची परवानगी लागणार नाही.’ बँकेत नाही, पण वकिलीत गेली असती तर बरं झालं असतं पोरीचं.

परत

बांधाबांधीचं सांगते. मग आणि कप कधीही सामानात टाकू नये, हातातल्या बॅगेत घ्यावेत. आत आणि बाहेर मोजे, कानाच्या खाचेत रुमाल, सर्वांत बाहेर स्वेटर. एकात एक घालायचा मोह टाळावा, तडे तिथेच जातात.

बर्मिंगहॅम विमानतळावर माझी बॅग बाजूला काढली. यंत्रात मोज्यांच्या आत गोल, जाड काहीतरी दिसलं असणार. तपासणीची बाई तरुण, चेहऱ्यावर काहीच भाव नाहीत. तिने एक-एक मोजा सोलला. आधी केनिलवर्थ निघाला, तो बाजूला ठेवला. मग आजीचा कप. तो तिने हातात घेतला, आत पाहिलं नाही, चित्र पाहिलं नाही. उलटा केला.

नवऱ्याने मला कोपर मारलं.

‘स्टोक?’ मी विचारलं.

‘टनस्टॉल,’ तिने दुरुस्त केलं, आणि कप पुन्हा मोज्यात घालायला लागली.